मसूरडाळीची अक्षरं

"जवळनं छान दिसतंय म्हणजे अजून झालेलं नाय," असं म्हणून यमुनाबाई समोरचं अक्षर हाताच्या एका फटक्यानं मोडून टाकायच्या. पाटावर खडूनं बारीक चौकटी आखलेल्या असायच्या आणि चौकटीत एकेक दाणा मसूरडाळीचा. फटका बसला की अख्खा 'ख' पडवीभर सांडायचा. मग त्या दाणे वेचायला बसायच्या आणि वेचता वेचता मला म्हणायच्या, "हसतोस काय? तुझा कॉम्प्युटर पुसतो तेव्हा मी हसते?"

ही अक्षरं तुम्हीही पाहिली असतील. टी-शर्टांवर, कॉफीच्या दुकानांवर, मोबाइलमधल्या खेळात, एवढंच काय लग्नपत्रिकांवरसुद्धा. लाल ठिपक्याठिपक्यांची, जुन्या डिजिटल पाटीवर असत तशी मराठी अक्षरं. 'रेट्रो' म्हणतात त्यांना. त्या फॉन्टखाली बरीच वर्षं माझं नाव होतं. त्यासाठी मला बक्षीस मिळालं, ते मी घेतलं, त्याची शाल अजून कपाटात आहे. अक्षरं माझी नव्हती. एवढं एक वाक्य लिहायला माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, तेव्हा ते आधीच लिहून टाकतो आणि बाईंकडे वळतो.

जयगडच्या अलीकडे खाडीकाठी आमचं गाव. बाई तिथल्या शाळेत शिवण शिकवायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. नऊवारी कधी नेसल्या नाहीत, पाचवारीचा पदर मात्र असा खोचलेला, की आत्ता कुणाशी भांडायला निघाल्यात असं वाटावं. बऱ्याचदा त्या खरोखरच निघालेल्या असत. मुख्याध्यापकांनी शिवणाचा तास चित्रकलेला देऊन टाकला, तेव्हा बाईंनी वर्गातल्या मुलींना घेऊन त्यांच्याच दारासमोर, व्हरांड्यात तास घेतला. आठवडाभर. मुख्याध्यापकांना पाय उचलून मुलींच्या मधून कचेरीत जावं लागे. आठव्या दिवशी तास परत मिळाला. "मी कुठं काय बोलले?" बाई म्हणायच्या. "मी तर सुईत दोरा ओवत होते."

दसूतीवरचं भरतकाम ही त्यांची खरी विद्या. दसूतीच्या कापडाला विणीतच चौकटी असतात. एका चौकटीत एक फुलीचा टाका. बाई तिला 'घर' म्हणत. 'इथं तीन घरं सोड', 'घर चुकलीस गो, उसव.' गावातल्या प्रत्येक घरात त्यांच्या विद्यार्थिनींनी भरलेलं 'सुस्वागतम्' असायचं आणि भिंतीवरचं ते 'सुस्वागतम्' कुणाच्या हातचं, हे बाई उंबऱ्यातून सांगायच्या.

मी तेव्हा चोविशीतला. रत्नागिरीहून इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स करून आलेलो आणि जेटीजवळच्या दाऊदभाईंच्या दुकानात कामाला लागलेलो. दाऊदभाई जहाजावरचे निवृत्त वायरमन. अर्धी दुनिया फिरून आलेले, पण गोष्टी सांगायच्या त्या फक्त तिथल्या स्विचबोर्डांच्या. मच्छीमार सोसायटीनं त्यांना दिव्यांची मोठी पाटी करायला सांगितली होती. त्यामागं कारण होतं. आमच्या खाडीच्या तोंडावर वाळूचा बांध आहे आणि दर पावसाळ्यानंतर तो जागा बदलतो. गावचे लोक ते जाणतात. पण बर्फ घ्यायला, मासळी उतरवायला परगावच्या बोटी येतात, त्यांना कसं कळावं? म्हणून पाटीवर लिहायचं: 'उजवीकडून या' किंवा 'डावीकडून या.' खाली वारा, त्याखाली वादळाच्या इशाऱ्याचा बावटा. एवढीच पाटी. पण पाण्यावरून, तिन्हीसांजेला, हलत्या बोटीतून वाचता यायला हवी.

दाऊदभाईंनी एकेका ओळीला लाल दिव्यांचे सोळा थर केले. पाटी आडवी ठेवली तर तिच्यावर दोन माणसं झोपली असती. दिवे लागले, पण अक्षरं कुठली? मुंबईहून आणलेल्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजी चोख होतं. मराठीचे नुसते हाल. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. मात्रेला जागाच नाही, ती शिरोरेघेत गाडलेली.

"इंग्रजीत टाकू," दाऊदभाई म्हणाले. "राइट, लेफ्ट. काम फत्ते."

बाई दुकानात इस्त्रीची वायर दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"इंग्रजी कोण वाचणार खाडीत? सुरमई?"

"बाई, सोळा थरांत मराठी मावत नाय," दाऊदभाई म्हणाले.

"माझ्या पोरी अकरा घरांत 'सुस्वागतम्' भरतात. सोळा घरांत तुला रामायण भरून देते. वायर उद्यापर्यंत कर."

अशी सुरुवात झाली. शाळा सुटली की मी बाईंच्या पडवीत. त्या पाटावर मसूरडाळीनं अक्षर मांडायच्या, पटलं की गणिताच्या चौकटीच्या वहीत उतरवायच्या आणि मी ते घराघरानं कॉम्प्युटरमध्ये भरायचो. डाळच का, तर तिचा रंग दिव्यांच्या रंगाच्या जवळचा. शिवाय, "पेन्सिल खोडली तरी मागं खूण राहते, माणूस त्या खुणेलाच धरून बसतो. डाळ कशी, मोडली की गेली." एकदा तीन दिवस खपून केलेला 'क्ष' शेजारच्या कोंबडीनं खाल्ला. बाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. जडच झाला होता."

पण त्यांच्या अक्षरांत एक गोष्ट अशी होती, की ती सगळ्यांना चूक वाटायची. जिथं दोन रेघा एकमेकींना भेटतात, तिथलं एक घर त्या मोकळं सोडायच्या. कान्याचा आणि गाठीचा सांधा, 'भ'चा पोटातला कोपरा, '३'चा मधला वळसा, सगळीकडे एकेक काळं भोक. पाटी लागली तसे रस्त्यावरून जाणारे लोक रोज दुकानात डोकावून सांगायचे, "दाऊदभाई, दिवा गेलाय हो तुमचा."

"गेलेला नाय," बाई तिथं असल्या की परस्पर उत्तर द्यायच्या. "मी ठेवलाच नाय."

मी कारण विचारलं होतं. म्हणाल्या, "लाल दोऱ्याचा रंग पहिल्या धुण्यात सुटतो रे. शेजारच्या घरात उतरतो. म्हणून लाल दोऱ्यात भरताना कोपऱ्यातलं घर आम्ही सोडतो. धुतल्यावर ते आपोआप भरतं. दिवा काय वेगळा? तोपण लालच. लांबून बघ, तो आपल्या घरात राहतो का."

लांबून बघणं ही त्यांची परीक्षा होती आणि ती मला द्यावी लागायची. खाडी आमच्याकडे अरुंद आहे. पलीकडे जाणाऱ्या उतारूंच्या होडीत त्या मला बसवायच्या. निम्म्या पाण्यात एक जुना खांब आहे, तिथं पोचलं की पाटीवरचं वाचायचं आणि ओरडून सांगायचं. बाई जेटीच्या टोकाला उभ्या. त्यातही त्यांची एक खोडी होती. खरा शब्द कधी लावायच्या नाहीत. "खरा शब्द माणूस वाचत नाय, ओळखतो. 'उज' दिसलं की तू 'उजवीकडून' म्हणून मोकळा होणार. मला तुझी अक्कल नको, तुझे डोळे हवेत." म्हणून पाटीवर असले शब्द यायचे: 'झळूढ.' 'भिणगी.' 'ठैपळकू.' आणि मी भरल्या होडीत, मासळीच्या टोपल्यांमध्ये उभा राहून ओरडायचो, "ठैपळकूऽऽ!" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. खांबाला वळसा घालणारा होडीवाला विचारायचा, "कुणाला शिव्या देतोस रं?"

मी ओरडलो की बाई कानामागं तळहात धरायच्या. ऐकू आलं नाही, पुन्हा. पाण्यावरून आवाज चांगला जातो आणि बाईंचे कान शेवटपर्यंत तिखट होते. पहिल्यांदाच ऐकलेलं असायचं. पण माणूस दुसऱ्यांदाही तेच सांगतो का, हे त्यांना बघायचं असे. "पहिल्यांदा कुणीही खरं बोलतं," म्हणायच्या, "दुसऱ्यांदा विचारलं की कळतं."

हे वाक्य पुढं फार वर्षं माझ्या मानेवर बसून होतं.

पाटी उत्तम चालली. मी पुण्याला गेलो, एका डिझाइनच्या कचेरीत लागलो. एक दिवस गिऱ्हाईक आलं: जुन्या डिजिटल घड्याळांच्या, पाट्यांच्या वळणाचा मराठी फॉन्ट आहे का? सगळे एकमेकांकडे बघू लागले. माझ्याकडे फाइल होती. मी स्वतःच्या हातांनी घराघरानं भरलेली. 'भरली मी, म्हणजे माझीच', इतक्या सोप्या हिशेबानं मी ती टेबलावर ठेवली. साहेब म्हणाले, सुरेख आहे, फक्त ही भोकं कसली? कसर लागल्यासारखी दिसतात.

मी भोकं भरून टाकली. एका दुपारचं काम. पडद्यावर, कागदावर, कापडावर अक्षरं अगदी गोंडस दिसायला लागली. जवळनं.

बक्षीस मिळालं तेव्हा मला विचारलं गेलं की प्रेरणा कुठली. मी म्हणालो, लहानपणी स्टँडवर पाहिलेल्या पाट्या. आमच्या स्टँडवर तेव्हा खडूनं लिहीत असत.

त्यानंतरच्या गणपतीत गावी गेलो, तर बाई आरतीला भेटल्या. मी नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवून विचारलं, "काय रे सुधीर, अक्षरं बरी आहेत ना?"

मी म्हणालो, "हो बाई." आणि प्रसाद घेऊन बाहेर आलो. त्या पुन्हा विचारतील म्हणून तीन-चार वर्षं गावाकडे फिरकलो नाही. आईला सांगायचो, रजा मिळत नाही.

मग एका भाद्रपदात दाऊदभाईंचा फोन आला. सोसायटीनं जुनी पाटी काढून नवी आणली होती. मोठी, झगझगीत, पुण्याच्या कंपनीची. तिन्हीसांजेला, भुरभुर पावसात परगावची एक बोट आत येत होती. पाटीवर 'डावीकडून या' होतं. बोट हाकणाऱ्या तांडेलाला वाचताच आलं नाही. तो उजवीकडून आला आणि वाळूत रुतला. माणसांना काही झालं नाही, पण पुढची भरती येईपर्यंत बोट कलंडून पडली होती आणि आतली मासळी गेली. तांडेल जेटीवर येऊन म्हणाला, "काय लिव्हलंय ता? लाल गोळे दिसतायत नुस्ते."

"बाई गेल्या सोसायटीत," दाऊदभाई सांगत होते. "चेअरमन बोलला, या अक्षरांना बक्षीस हाय. तर बाई काय बोलल्या ठाव हाय? बक्षीस देणारे कुठं बसलेले? खुर्चीत? होडीत बसवायचं होतं त्यांना."

मी कंपनीचं नाव विचारलं.

"सुधीर," दाऊदभाई थांबून म्हणाले, "कंपनीच्या कागदावर तुजं नाव हाय रे."

बाई सोसायटीतून परतल्या त्या थेट दाऊदभाईंच्या पोटमाळ्यावर. जुनी पाटी तिथं धूळ खात होती. ती त्यांनी उतरवून घेतली, चार माणसं लावून स्वतःच्या घराच्या कौलांवर चढवली, तोंड खाडीकडे. वीज स्वतःच्या मीटरवरून. रोज दिवेलागणीला देवाला निरांजन लावायचं आणि पाटीचं बटण दाबायचं. वय तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढं. बोटी सोसायटीची पाटी सोडून बाईंच्या कौलांकडे बघत आत यायला लागल्या. सोसायटीनं लेखी पत्र पाठवलं: दोन पाट्यांमुळे गोंधळ होतो, आपली पाटी आठ दिवसांत उतरवावी, लेखी उत्तर द्यावं.

बाईंनी लेखी उत्तर दिलं. त्या संध्याकाळी अख्ख्या खाडीनं ते वाचलं. घराच्या कौलांवर, दोन हात उंच, लाल अक्षरांत: 'उतरणार नाही.' खाली बाणासह, 'डावीकडून या.'

मी गेलो. दाऊदभाई दारापर्यंत सोडायला आले आणि आत न येता वळले. बाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. बारीक झाल्या होत्या, पदर तसाच खोचलेला. मी उभ्यानंच सांगितलं. सगळं सांगितलं, कचेरी, फाइल, भरलेली भोकं, स्टँडची थाप. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"ठाऊक हाय," म्हणाल्या. "त्या गणपतीत मुंबईचं एक पोरगं आलेलं, त्याच्या छातीवर माझा 'ठ' होता. म्हणून तर विचारलं तुला."

मी पायरीवर बसलो. "मग बोलला का नाहीत?"

"मी विचारलं. तू हो म्हणालास. आता म्हातारीनं मास्तरासारखं दुसऱ्यांदा विचारायचं?" एक खडा त्यांनी अंगणात भिरकावला. "घेतलीस ती घेतलीस. मागितली असतीस तर दिलीच असती, वर डब्यात लाडू दिले असते. पण भोकं का भरलीस रे मेल्या? पाण्यावर माणसं असतात, ठाऊक होतं ना तुला? तूच ओरडायचास ना तिथनं?"

मी म्हणालो, तुमचं नाव घालतो. सगळीकडे कळवतो. बक्षीस परत करतो.

"नाव घाल नायतर नको घालू. नावानं वाचता येणार हाय का कुणाला? भोकं परत घाल. वही आत फडताळात हाय."

तीन दिवस मी त्या पडवीत बसून होतो. शाळेची ती वही, कडा उंदरांनी कुरतडलेली. एकेक अक्षर उघडायचं, वही बघायची, दिवा विझवायचा. बाई बाजूला बसून पाटावर डाळ मांडत होत्या, कारण त्यांना आता 'ळ' पटत नव्हता. इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, "बाई, 'ळ' चांगला आहे हो." त्या म्हणाल्या, "तुझं मत मला विचारायचं नाय." त्यांनी मला माफ केलं की नाही, हे त्या तीन दिवसांत कळलं नाही. जेवायला मात्र वेळेवर वाढलं. दुसऱ्या दिवशी तिसळ्यांचं, खाडीतल्या शिंपल्यांचं सुकं होतं, तेव्हा वाढताना हात जरा सैल सुटल्यासारखा मला वाटला. पण अपराधी माणसाला काहीही वाटतं.

चेअरमनशी बोलायला बाई स्वतः गेल्या. ठरलं ते असं: दुरुस्त अक्षरं नव्या पाटीत भरायची. खांबापासून वाचता आली तर ती कायमची. नाही आली तर मात्र सोसायटीचीच पाटी उतरेल, बाईंची नाही. चेअरमन म्हणाले, "आणि वाचता आली तर तुमची उतरवाल ना बाई?" बाई म्हणाल्या, "बघू. माझ्या कौलांना तिची सवय झालीय."

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी होडीत बसलो. बाजार उलगून बायका पलीकडे निघाल्या होत्या, रिकाम्या टोपल्या, दोन शाळकरी मुली, एक बकरी. वारा पडला होता. जेटीवर पाटीखाली दाऊदभाई माझ्या लॅपटॉपशी, चेअरमन आणि पाचपन्नास माणसं. जेटीच्या अगदी टोकाला बाई. एकट्या.

खांबाजवळ होडीवाल्यानं वल्हं थांबवलं. पाटी पेटली.

एवढ्या वर्षांत बाईंनी पाटीवर परीक्षेला खरा शब्द कधी लावला नव्हता. मी 'झळूढ'च्या तयारीत होतो. पाटीवर दोनच अक्षरं होती. काना वेगळा, मात्रा वेगळी, 'च'चं पोट मोकळं, 'र'चा पाय सुटा. भुरकट उजेडात, हलत्या होडीतून, लख्ख.

चोर.

होडीतल्या बायकांनीही वाचलं असणार. कुणी हसलं नाही. मुलींपैकी एकीनं हळूच दुसरीला वाचून दाखवलं आणि माझ्याकडे बघितलं. मला गप्प बसता आलं असतं. 'दिसतंय, दिसतंय' असं हातानं खुणावता आलं असतं. आयुष्यभर मी तेच करत आलो होतो.

मी उभा राहिलो. होडी डचमळली. दोन्ही हात तोंडाभोवती धरून छातीतला सगळा दम लावला आणि ओरडलो, "चोऽऽर!"

आवाज पाण्यावरून गेला, जेटीवर आपटला. तिथली सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. म्हणजे पोचला होता.

त्यानंतर बाई आणखी दोन वर्षं जगल्या, पण आमची पुन्हा भेट झाली नाही. मी पोचायच्या आत त्या गेल्या, तेव्हा दोन्ही पाट्या चालू होत्या. म्हणून बाई म्हटलं की मला तेच शेवटचं दिसतं. जेटीच्या टोकाला ती किरकोळ बाई, पदर खोचलेला, मागं लाल उजेड. त्यांनी मान हलवली नाही, हात उंचावला नाही. सावकाश उजवा तळहात कानामागं नेला आणि थोड्या पुढं वाकून उभ्या राहिल्या.

मी पुन्हा ओरडलो.